गोळ्या मोजून बरोबर होत्या

आमच्या घरात गोळ्यांचा डबा माझ्या ताब्यात असतो. सासूबाईंनी जाताना दागिने थोरल्या जाऊबाईंकडे दिले आणि डबा माझ्याकडे. डब्यातल्या बहुतेक गोळ्या माझ्या दिरांच्या, म्हणजे भाऊजींच्या. कॉलेजात असताना त्यांना स्किझोफ्रेनिया झाला. तेव्हापासून बऱ्याच औषधांचे प्रयोग झाले आणि शेवटी ते क्लोझापीनवर स्थिरावले. हे औषध सहसा बाकीची हरली की देतात, कारण त्याने रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम खाली येऊ शकतात. पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं, पुढे महिन्याला. पेशींची ही भीती आमच्या डोक्यात इतकी पक्की बसली होती की, त्याच औषधाची विषबाधाही होऊ शकते, आणि तीही एकसुद्धा गोळी जास्त न घेता, हे कधी मनात आलं नव्हतं.

श्रावण होता. भाऊजींना खोकला झाला होता, म्हणून आमच्या ह्यांनी धरूनच बसवलं आणि विडी सोडायला लावली. सिन्नरचं आमचं मूळ घर विड्या वळणाऱ्यांचं. सासूबाईंनी संसारच त्यावर केला. त्यामुळे भाऊजींची विडी कुणाच्या डोळ्यांवर येत नसे. दिवसाला एक कट्टा सहज व्हायचा. तो माणूस विडीवाचून राहतोय म्हटल्यावर घरात सगळ्यांना कौतुक. मी तर एकदा शिराही केला. त्याच सुमारास त्यांना लघवीला जळजळ सुरू झाली. ते एकटेच कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टरांनी विचारलं, आणखी कुठली औषधं चालू आहेत? भाऊजी म्हणाले, "झोपेची एक आहे." ते खोटं बोलले नाहीत, रात्री ती घेऊन झोपच लागते. त्यांना सिप्रोफ्लॉक्सासीन मिळालं.

पुढच्या दिवसांत जे दिसत गेलं, ते सुटं सुटं पाहिलं तर अगदी साधं होतं. सकाळी उठायला उशीर. जेवताना पेंग. क्लोझापीनवर असलेल्या माणसाची रात्री उशी लाळेने भिजते, ते आम्हाला नवं नव्हतं; मी उशीवर टॉवेल घालतेच. पण आता दुपारी टीव्हीसमोर बसल्याबसल्या शर्टाची बाही ओली होऊ लागली. शौचाला होत नाही म्हणाले. पावसाळी हवा, उपासाचं खाणं, त्याचं काय एवढं! मग जीभ जड झाली. "वहिनी" हा शब्दसुद्धा तोंडातल्या तोंडात विरघळायला लागला. चालताना हात भिंतीला. शेजारच्या काकू जिन्यात मला म्हणाल्या, "पिऊन आलेत का गं?" ह्यांनीही गुपचूप तोंडाचा वास घेऊन पाहिला. वास नव्हता.

मला पहिल्यांदा भीती वाटली ती कपाने. चहा प्यायला म्हणून त्यांनी कप उचलला आणि हात आपोआप उडाला. थरथर वेगळी असते; ह्या औषधांनी येणारी हाताची कापरी मी वर्षानुवर्षं पाहिलेली आहे. हे तसं नव्हतं. कुणी मागून कोपराला धक्का द्यावा तसा एकच झटका, चहा भिंतीवर, आणि भाऊजी स्वतःच चकित. थोड्या वेळाने खांदा उडाला. मग बसल्या जागी गुडघा. नंतर डॉक्टरांकडून कळलं की क्लोझापीनची पातळी फार वाढली की असे झटके येतात आणि पुढे पूर्ण आकडी येऊ शकते, हे झटके तिची आगाऊ सूचना असतात. त्या क्षणी मला एवढंच कळलं की हे नवीन आहे.

दुसरी गोष्ट घडली संध्याकाळी. भाऊजींनी विचारलं, "आई बाजारातून आली का?"

घरचे म्हणाले, आजार उलटला. असं वाटणं साहजिकच होतं. पण मला ते पटेना, आणि का पटेना हे सांगते, कारण ह्या सगळ्यात मला महत्त्वाचं वाटतं ते हेच. भाऊजींचा आजार भरात असताना मी त्यांना पाहिलं आहे. तेव्हा ते रात्ररात्र झोपत नाहीत, गच्चीवर येरझाऱ्या घालतात, शेजारी आपल्याबद्दल बोलतात म्हणतात, पण जीभ स्वच्छ चालते, पाय भक्कम पडतात, आणि वार-तारीख विचाराल तर बिनचूक. आवाज ऐकू येत असतानाही त्यांना आज मंगळवार आहे हे ठाऊक असायचं. आई गेली आहे हेही. आता मी विचारलं, "भाऊजी, आज वार कुठला?" ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दिवाळी." पाच मिनिटांनी पुन्हा बऱ्यापैकी शुद्धीवर, पुन्हा गुंगीत. असा अचानक चढ-उतार होणारा गोंधळ, वेळ-काळाचं भान सुटणं, ह्याला डॉक्टर डेलिरियम म्हणतात. मनाच्या आजाराने तो सहसा येत नाही. मेंदूला औषध, ताप, साखर, मीठ, जंतुसंसर्ग असं काहीतरी त्रास देतंय, असा त्याचा अर्थ असतो. माणूस काय बोलतो यावरून घरचे अंदाज बांधतात. बघायला हवं ते अंग.

कपाटात कोविडच्या वेळचं ऑक्सिमीटर पडून होतं. ऑक्सिजन ठीक होता, पण नाडी १२८. बसल्याबसल्या! सासूबाईंच्या बीपीच्या मशीनवर बसून दाब घेतला तर ११० च्या आसपास, उभं करून घेतला तर ८० च्या खाली, आणि भाऊजी माझ्या खांद्यावर कोसळले. ताप नव्हता. मी गोळ्यांच्या पट्ट्या काढल्या, तारखांशी ताळा केला. पतसंस्थेत रोज हेच करते, त्यामुळे ताळा चुकायचा नाही. एकही गोळी कमी नव्हती. हे म्हणाले, "मग औषधाचा काही संबंध नाही." मलाही काही क्षण तसंच वाटलं.

मानसोपचार डॉक्टरांचा फोन लागला ते नशीब. त्यांनी माझं वर्णन पुरतं ऐकूनही घेतलं नाही. झटके म्हटल्याबरोबर म्हणाले, "आजची गोळी द्यायची नाही. आत्ता निघा. सगळी औषधं पिशवीत घालून आणा, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांची सुद्धा. पडलेले असतील तर कुशीवर ठेवा, तोंडाने काही पाजू नका." हे शेवटचं सांगितलं ते बरं झालं, कारण काकू तोवर मिठाचं पाणी घेऊन आल्या होत्या. उलटी काढावी म्हणून. गुंगीतल्या माणसाला पाजलेलं पाणी पोटात जाण्याऐवजी फुप्फुसात जाऊ शकतं. काकूंना ते त्या वेळी समजावणं शक्य नव्हतं, मी तांब्या घेतला आणि बेसिनमध्ये ओतला.

नाशिकच्या गंगापूर धरणातून गोदावरीत पाणी सोडलं होतं. नदीपात्रातला दुतोंड्या मारुती कमरेपर्यंत बुडाला म्हणून निम्मं पंचवटी नदीवर, आणि आम्हाला जायचं होतं पलीकडे. १०८ ला फोन केला, गाडी आली, पण होळकर पुलावर पूर बघणाऱ्यांची ही गर्दी. लोक लेकरांना खांद्यावर घेऊन उभे. सायरन वाजतोय आणि माणसं मोबाईल वर धरून वळून बघताहेत. भाऊजींना आकडी आली ती रुग्णालयाच्या दारात, स्ट्रेचरवर घेताना. निदान ती पुलावर आली नाही.

कॅज्युअल्टीत एक तरुण रेसिडेंट डॉक्टर होती. आकडी थांबवायचं इंजेक्शन आधी, मग बोटाची साखर, मग ईसीजीच्या पट्ट्या. साखर का, म्हणून मी विचारलं. क्लोझापीन आणि त्याच्याच जातीचं ओलान्झापीन ह्या औषधांनी साखर भलती वाढू शकते आणि साखर कमी झाली तरी माणूस असाच बरळतो, म्हणून ती आधी. ईसीजी कशाला, हे तिने पुढे कधीतरी सांगितलं: मनाच्या आजारावरची बरीच औषधं हृदयाच्या प्रत्येक ठोक्यातलं, ईसीजीवर दिसणारं एक अंतर लांबवतात, ते फार लांबलं तर ठोका बिघडून माणूस क्षणात जाऊ शकतो. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून गोळ्या जास्त झालेला माणूस गप्पा मारत बसला असला तरी त्याला ईसीजीशिवाय घरी पाठवत नाहीत.

शुद्ध थोडी परत आल्यावर तिने त्यांना हसायला सांगितलं, दोन्ही हात वर उचलायला लावले. लकवा असता तर एक बाजू पडली असती. डोळ्यांत बॅटरी. पोटावर बेंबीखाली बोटांनी वाजवलं आणि म्हणाली, मूत्राशय तुंबलंय, नळी घालावी लागेल. मग कोपर धरून हात वाकवला-सरळ केला, वाकवला-सरळ केला. "ताठर नाहीये," असं स्वतःशीच म्हणाली. तिला हायसं वाटल्याचं मला जाणवलं, पण का ते कळलं नाही.

कारण कळलं ते शेजारच्या खाटेमुळे. निफाडकडचा एक मुलगा होता, वीस-बावीसचा. त्याला थोड्याच दिवसांपूर्वी हॅलोपेरिडॉल ह्या मनाच्या आजारावरच्या औषधाची इंजेक्शनं दिलेली होती. घरच्यांना वाटलं डेंग्यू, कारण ताप १०४, आणि त्या दिवसांत गल्लोगल्ली डेंग्यूच होता. पण मुलगा घामाने निथळत होता, बोलत नव्हता, आणि त्याचा हात कोपरात वाकवायला दोघे लागत. डॉक्टर ह्याला शिशाच्या नळीसारखा ताठरपणा म्हणतात. त्या अवस्थेचं नाव न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम. ताप, ताठरपणा, हरवलेली शुद्ध, आणि नाडी-रक्तदाबाचे मनमानी चढ-उतार, असं चौघांचं टोळकं असतं. एक-दोन दिवसांत हळूहळू जमतं. औषध प्रमाणात असतानाही होतं, डोस नुकताच वाढवला असेल किंवा शरीरातलं पाणी कमी झालेलं असेल तर जास्त. स्नायू इतके आवळतात की ते झिजून त्यांचा माल रक्तात उतरतो, लघवी काळपट होते, मूत्रपिंडं धोक्यात येतात. त्याच्या रक्तातला सीपीके नावाचा, स्नायूंची ही झीज दाखवणारा आकडा हजारांत गेला होता. मुलाच्या वडिलांनी मला विचारलं, "ताई, तुमच्या पेशंटलाही ताप आहे का?" नाही म्हटल्यावर ते गप्प बसले. मनाच्या औषधावर असलेल्या माणसाला ताप आणि ताठरपणा एकत्र आले तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, हे मी त्या खाटेकडे बघून शिकले.

माझ्या डोक्यात मात्र प्रश्न तोच. गोळ्या मोजून बरोबर, मग विष आलं कुठून?

रेसिडेंटने पिशवी उलटी केली, सिप्रोफ्लॉक्सासीनची पट्टी हातात घेतली आणि विचारलं, "हे विडी-सिगारेट ओढतात?"

"ओढायचे. सोडली आता." मी जरा अभिमानानेच सांगितलं असेन.

तिने लिहायचं थांबवलं. कधी सोडली, ते विचारलं. मग समजावलं. विडीच्या धुरातले काही घटक यकृतातल्या एका एन्झाइमला कामाला जुंपतात आणि तेच एन्झाइम क्लोझापीन आणि ओलान्झापीन निकाली काढतं. विडी ओढणाऱ्याच्या अंगात औषध लवकर संपतं, म्हणून त्याचा डोस त्या हिशेबाने वाढवत नेलेला असतो. धूर बंद झाला की आठवड्याच्या आत ते एन्झाइम मंदावतं. डोस तोच, पण रक्तात औषध साचत जातं, कधी दीडपट, कधी त्याहून जास्त. हे धुराचं काम, निकोटीनचं नाही. निकोटीनचं च्युइंगम चघळून फरक पडत नाही. त्यात सिप्रोफ्लॉक्सासीन नेमकं त्याच एन्झाइमला अडवतं. आणि अंगात जंतुसंसर्ग असला तर त्यानेही पातळी चढते. विडी सुटली, वर ही गोळी, वर संसर्ग. शिरा मी केला होता त्याची आठवण झाली, पण बोलले नाही.

क्लोझापीनची रक्तातली पातळी तपासता येते. आमचा नमुना बाहेरगावच्या लॅबला गेला आणि रिपोर्ट आला तेव्हा भाऊजी उठून बसले होते. ३५० ते ६०० हा साधारण कामाचा पट्टा, १००० च्या वर आकडीचा धोका. त्यांची त्याच्याही बरीच वर होती. म्हणजे निदान रिपोर्टवर झालं नाही, अंगावरच्या खुणांवर आणि विचारलेल्या प्रश्नांवर झालं. उतारा म्हणून काही इंजेक्शन नसतं. औषध थांबवायचं, सलाइन, मॉनिटर, आकडीवर लक्ष, साठलेलं पोट मोकळं करायचं. हे पोटाचं कुणी मनावर घेत नाही, पण क्लोझापीनने आतडी मंदावतात आणि नुसत्या बद्धकोष्ठापायी माणसं दगावलेली आहेत. पुन्हा सुरू करतानाही गंमत नाही: ४८ तासांच्या वर खंड पडला तर जुना डोस एकदम देता येत नाही, १२.५ मिलिग्रॅमपासून पायरी पायरीने चढावं लागतं. त्या मधल्या काळात भाऊजींचे जुने आवाज थोडे परत आले. ते मात्र ओळखीचे होते.

वॉर्डात बसून बसून मला एक जुनी गोष्ट आठवली, सासूबाई सांगायच्या ती. सिन्नरला असताना, आजार नवा होता तेव्हा, भाऊजींची मान एकाएकी एका अंगाला वळली, जबडा अडकला आणि डोळे वर जाऊन तिथेच थांबले. गल्ली जमली. बाहेरचं आहे म्हणून लिंबू उतरवलं, कुणी भैरवनाथाला नवस बोललं. शेवटी एका कंपाउंडरने विचारलं, गोळी कुठली चालू केली? फेनरगनचं इंजेक्शन दिलं आणि अर्ध्या तासात मान सरळ. भाऊजी आजही सांगतात, "मला सगळं ऐकू येत होतं वहिनी. लिंबू कापलेलं पण दिसलं." हाच आकडीतला आणि ह्यातला फरक: डिस्टोनियात, म्हणजे औषधाने स्नायू असे आखडतात तेव्हा, माणूस पूर्ण शुद्धीत असतो आणि घाबरलेला असतो. औषध सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर पहिल्या काही दिवसांत होतं, तरुण मुलांना जास्त. जिवावर क्वचितच बेततं, पण घसा आवळला तर बेतू शकतं.

एमएलसीबद्दलही, म्हणजे दवाखान्याने पोलिसांना कळवायच्या केसबद्दलही लिहायला हवं, कारण त्या भीतीने लोक खोटं बोलतात. वॉर्डात एक बाई होत्या, त्यांच्या सुनेने गोळ्या घेतल्या होत्या. बाईंनी डॉक्टरांना सांगितलं, चक्कर आली. का, तर पोलीस येतील. खरं दोन तासांनी, रिकामी पट्टी सापडल्यावर बाहेर आलं. तोवर ती पोरगी बरी दिसत होती, आणि तिथेच घात असतो. ओलान्झापीनसारख्या औषधाची रक्तातली पातळी शिखराला पोचायलाच सहा-एक तास लागतात. पोलीस जबाब घेतात, हे खरं. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे उलट सिद्ध होत नाही तोवर असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं असतं आणि त्याच्यावर खटला भरायचा नसतो. त्या बाईंना हे सिस्टरने सांगितलं, आणि १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर सुनेच्या फाइलवर लिहून दिला. डॉक्टरांना लागतं ते एवढंच: कुठली गोळी, किती, केव्हा, सोबत दारू किंवा दुसरं काही का. घरात लहान मूल असेल आणि त्याने एकच गोळी गिळल्याचा संशय असेल तरी दवाखाना गाठायचा. मोठ्यांची अर्धी गोळीसुद्धा त्याला गुंगीत टाकू शकते. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा नंबर, १८०० ११६ ११७, मी डब्याच्या झाकणाच्या आत चिकटवला आहे. त्याच झाकणावर औषधांची नावं, डोस, आणि "झोपेची" नव्हे तर "क्लोझापीन" असं मोठ्या अक्षरात. त्याचाच कागद भाऊजींच्या पाकिटातही आहे. सर्दीला जायचं असलं तरी तो दाखवायचा.

आता संध्याकाळी चहा देताना मी त्यांचा हात हातात घेऊन कोपरात दोनदा वाकवते. सुरुवातीला ते चिडायचे, आता स्वतःच पुढे करतात आणि वार सांगून टाकतात. कधी मुद्दाम चुकीचा सांगतात.

डोस आता पूर्वीच्या निम्म्याहून थोडा जास्त आहे, विडी नाही ह्या हिशेबाने बसवलेला. म्हणजे उद्या त्यांनी पुन्हा ओढायला सुरुवात केली तर तोच डोस अपुरा पडेल आणि आवाज परत येतील. डॉक्टरांनी सांगितलंय, "सोडायची असो की धरायची, आधी मला कळवा." भाऊजी कळवतील ह्याची खात्री नाही. म्हणून मखमलाबाद नाक्यावरच्या टपरीवाल्याला मी सांगून ठेवलंय: त्यांनी विडी मागितली तर भांडू नका, द्या, पण लगेच मला फोन करा. आत्तापर्यंत एकदाच त्याचा फोन आला. भाऊजींनी काडेपेटी मागितली होती, देवघरातली संपली होती म्हणून.